आठ तारा आणि खानापूरची बस

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात मागीलदारच्या खोलीला अजून मागघरच म्हणतात. माग विकून सोळा वर्षं झाली, जमिनीतला खड्डा बुजवून वर फरशी घातली, तरी पाय सोडून बसायची जागा नेमकी कुठे होती ते मामा डोळे मिटून दाखवतात. मामा म्हणजे माझे सासरे. आता त्याच जागी एका पाटावर २०१३ सालचा जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला ना पडदा, ना की-बोर्ड. नुसता डबा, मागून एक निळी वायर, आणि पुढे लुकलुकणारा दिवा. शेजारणीला वाटतं आम्ही पाण्याची टाकी भरायचं काहीतरी यंत्र बसवलंय. तो माझ्या सगळ्या फाईलींची जादा प्रत सांभाळतो. तिथवर यायला मला दीड महिना का लागला, ते सांगते.

मी घरबसल्या कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. जमिनीचे उतारे, वाटणीपत्रं, खरेदीपत्रं, नोटिसा, पंचायतीची पत्रं. कागद येतो कन्नडात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो समजून घ्यायचा असतो मराठीत. आमच्या भागात हे काम कधी संपत नाही. जोडीला लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, अधूनमधून एखाद्या ग्रामीण साहित्य संमेलनाची स्मरणिका. शिवाय फोटो, सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, लेकीच्या बारशापासूनचे व्हिडिओ. सगळं मिळून ३८० जीबी, एकसष्ट हजारांवर फाईली.

ऑगस्ट २०१९ चा पाऊस बेळगावात कुणी विसरलेलं नाही. बळ्ळारी नाला फुगला, शिवारं पाण्याखाली गेली, मातीच्या भिंती बसल्या. आमच्या पुढच्या खोलीत पाणी आलं ते वीतभरच. पण सीपीयू जमिनीवर होता, आणि त्याची 'जपून ठेवलेली' प्रत, म्हणजे पोर्टेबल डिस्क, त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात. दोघांत अंतर दोन फूट. सीपीयूचा पॉवर सप्लाय जळला, हार्ड डिस्क वरच्या कप्प्यात होती म्हणून वाचली. खणातली डिस्क गेली. मूळ राहिलं आणि प्रत बुडाली, म्हणून मी आज हे लिहितेय. एवढं होऊनही पुढची सहा वर्षं मी काय केलं? पेनड्राइव्ह. 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचं', 'शेवटचं खरं' अशा नावांचे फोल्डर, चार पेनड्राइव्ह, त्यातला एक कायम कुणाच्यातरी झेरॉक्सच्या दुकानात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. त्याआधीच मी नवीन संगणक घेतला होता, कारण जुन्यावर विंडोज ११ बसेना. दिवाळीला लेक बेंगळूरहून आली तेव्हा मी जुना भंगारात घालायच्या विचारात होते. "अगं आई, थांब की जरा," म्हणून तिने त्यावर दोन तासांत विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही यंत्रणा चढवली, मी दोन टीबीची नवी डिस्क आणली ती बसवली, सांबा नावाचा प्रोग्राम घातला आणि भाऊबीजेच्या रात्री बस पकडून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता फक्त कॉपी करायचंय."

सांबामुळे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला शेजारच्या कपाटासारखं दिसतं. मामांनी नाव ऐकलं आणि कपिलेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या, देवळाच्या दिशेने हात जोडले. "सांबाच्या पदरात घातलंस न्हवं, मग झालं." खरं म्हणजे विंडोजच्या फाईल वाटायच्या पद्धतीचं नाव एसएमबी; ती तीन अक्षरं त्याच क्रमाने ज्यात येतात असा शब्द शब्दयादीत हुडकताना ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांना सांबा सापडला. पण मामांची व्युत्पत्ती मला जास्त पटते.

'फक्त कॉपी' वायफायवरून सुरू केली. आमच्या जुन्या भिंती हातभर जाड. पुढच्या खोलीतून मागघरात वायफाय पोचतं ते धापा टाकत. सेकंदाला चार एमबी, तेही मधूनमधून तुटत. हिशेब केला: ३८० जीबीला सव्वीस तास, एकदाही न तुटता. न तुटता हे आमच्याकडे लाईटलाही जमत नाही.

मग वायर. खडेबाजारातून जाड निळी केबल आणि पाच खणी गिगाबिट स्विच, म्हणजे संगणकांच्या वायरी जोडायचा डबा, आणला. दुकानातल्या पोराने विचारलं, "वैनी, किती मीटर पायजे?" मी म्हटलं वीस. प्रत्यक्षात अठरा लागली. ओळखीच्या एकाने येऊन गडबडीत टोकांना जॅक लावले आणि तो गेला. कॉपी चालू केली. सेकंदाला अकरा एमबी, पुढे जाईना. वायफायच्या तिप्पट झालं म्हणून मी खूश. फोनवर लेक मात्र खूश नाही. तिने विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघायला सांगितला. तिथे १००/१०० होतं. पाहिजे होतं हजार. शंभर मेगाबिट म्हणजे आठाने भागून साडेबारा मेगाबाइट, त्यातून वरखर्च जाऊन अकरा. आकडा चोख जुळत होता, म्हणजे तार कुठेतरी शंभरवरच अडकली होती.

या केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. हजाराला आठही तारा लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार पोचली नाही तर दोन्ही टोकं आपसात ठरवून गुपचूप शंभरवर येतात. तक्रार करत नाहीत, लाल दिवा लावत नाहीत. काम चालू राहतं, म्हणून कुणाला कळतही नाही.

मी जॅक उलटासुलटा करून बघत होते. पारदर्शक प्लॅस्टिक, आत आठ रंग, पुढे आठ सोनेरी पट्ट्या. मला सगळं ठीक दिसत होतं. मामा चष्मा लावून येऊन बसले, माझ्या हातातून वायर घेतली, उजेडाकडे धरली. क्षणभरही लागला नाही.

"हा तपकिरी आत पोचलाच नाही की गं. दाराशीच थांबलाय."

खरंच. शेवटची तपकिरी तार पट्टीच्या अलीकडे तांदळाच्या दाण्याएवढी तोकडी राहिली होती. पन्नास वर्षं ज्या डोळ्यांनी फणीतून रेशमाचे धागे ओवले त्यांना हे न दिसतं तरच नवल. "फणीत एक घर चुकलं तर लुगडंभर रेघ जाते," असं म्हणत ते सरसावून बसले. मी जॅक कापला, निळं साल सोललं, आणि आठ तारा त्यांच्या हातात दिल्या.

हे त्यांच्याकडून बघण्यासारखं होतं. मी तारा सरळ करताना नखाने ओरबाडत होते. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत एकेक जोडी धरून उलटा पीळ दिला, एकदाच, आणि ती दोऱ्यासारखी सरळ झाली. मग थांबले.

"पीळ कशाला घातलाय ह्याला? मजबुतीला?"

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. बाहेरची खरखर, म्हणजे मोटरीची, शेजारच्या पॉवरलूमची, दोन्ही तारांवर सारखीच बसावी म्हणून पीळ. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं. सारखी बसलेली खरखर वजा होऊन जाते.

त्यांनी चारी जोड्या पुन्हा शेजारी धरल्या. "पण प्रत्येकीचा पीळ वेगळा हाय. ही निळी बघ, घट्ट. ही तपकिरी सैल."

मी इतक्या वेळा ती वायर हाताळली होती, मला ते दिसलं नव्हतं. पीळ मुद्दाम वेगवेगळे असतात, नाहीतर शेजारच्या जोड्याच एकमेकींच्या कानात बोलतात. लेकीला फोनवर विचारून मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या चांगल्या कारागिराचं काम बघावं तशी.

क्रम मी वाचून दाखवला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. त्यांना एकच गोष्ट खटकली. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घातली? त्याचं कारण टेलिफोन. फोनच्या जॅकमध्ये मधल्या दोन घरांत एक जोडी असायची, ती तशीच ठेवली आणि हिरवीला दोन्ही बाजूंना पाय फाकून बसावं लागलं. "थोरल्या जावेला मधली खोली," मामा म्हणाले.

टोकं एका रेषेत कापून, सगळे रंग शेवटपर्यंत गेल्याची दोनदा खात्री करून त्यांनी जॅक माझ्याकडे दिला. पक्कड मी दाबली. विंडोजने १०००/१००० दाखवलं. केबल लावून गेलेल्या माणसाला मी अजून काही बोलले नाही. त्याला चहा दिला होता, पैसेही.

कॉपीसाठी रोबोकॉपी वापरायचं ठरलं. तो विंडोजमध्ये आयताच असतो, काळ्या खिडकीत हुकूम लिहून चालवायचा. त्यात 'मिर' नावाचा पर्याय आहे, आरसा या अर्थी: इकडे आहे तेच तिकडे ठेवतो, आणि इकडे नसलेलं तिकडून पुसतो. हे दुसरं वाक्य नीट वाचा. मी वाचलं होतं, तरी हुकूम लिहिताना आधी 'कुठून' आणि मग 'कुठे' याऐवजी उलट लिहिलं. म्हणजे मागघरातलं रिकामं फोल्डर मूळ, आणि माझी चौदा वर्षांची भाषांतरं ही त्याची प्रत. सुदैवाने लेकीने दटावून ठेवलं होतं की पहिल्या खेपेला हुकुमाच्या शेवटी 'एल' लावायचा. एल लावला की रोबोकॉपी काही करत नाही, काय केलं असतं ते नुसतं वाचून दाखवतो. पडद्यावर माझ्या फाईली सरसर वर जाऊ लागल्या, प्रत्येकीपुढे 'एक्स्ट्रा'. एक्स्ट्रा म्हणजे पुसायच्या यादीतली. मी उठून पाणी प्यायले. त्या दिवशी संगणकाला पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी 'कुठून' आणि 'कुठे' कागदावर लिहून पडद्याला चिकटवलं, एल लावून तपासलं, एल काढला, रात्री साडेदहाला चालू केलं आणि झोपले. सकाळी उठून बघते तर आठ हजारांच्या आसपास फाईली झालेल्या, आणि पुढे तोच निरोप पुन्हा पुन्हा: तीस सेकंद थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर. मी आउटलुक उघडंच ठेवून झोपले होते, आणि टपालाची सहा जीबीची फाईल आउटलुकने घट्ट धरली होती. रोबोकॉपी तिच्या दारात बसून राहिला.

किती वेळ बसला असता? ठरीव हिशेबाने तो एका फाईलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर खेपेला तीस सेकंद थांबून. तीन कोटी सेकंद, म्हणजे ३४७ दिवस. पुढच्या दिवाळीला दोन-तीन आठवडे उरले असताना त्याने हार मानली असती. इतकी चिकाटी मी कुठल्याच कचेरीतल्या माणसाच्या अंगी बघितलेली नाही. 'आर' आणि 'डब्ल्यू' हे दोन पर्याय लावून ते एक प्रयत्न आणि एक सेकंद एवढ्यावर आणलं, आउटलुक बंद केलं. सगळं मिळून पावणेतीन तासांत उरकलं. अठरा मीटर वायरीतून.

शेवटी रोबोकॉपी हिशेबाचं कोष्टक छापतो. एकूण, उतरवलेल्या, सोडलेल्या, आणि 'फेल्ड'. फेल्डच्या खाली ४१.

एकसष्ट हजारांत एक्केचाळीस. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. मीही देणार होते. पण त्या कोणत्या हे बघितलं आणि पोटात गोळा आला. फोटोंतली एकही नाही. सगळ्या भाषांतराच्या. त्यातही लांबलचक मराठी नावांच्या. उदाहरणार्थ ही: 'मौजे येळ्ळूर येथील वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीपत्राचे कन्नडवरून मराठी भाषांतर दुरुस्त अंतिम प्रत'. माझी सवयच तशी, नाव वाचून कागद कळला पाहिजे.

दोन दिवस मी सांबाला, डिस्कला, परवानग्यांना दोष देत बसले. भानगड निघाली मोजमापात. विंडोजमध्ये फाईलचं नाव २५५ अक्षरचिन्हांपर्यंत चालतं. लिनक्सच्या फाईली मांडायच्या एक्स्ट-४ पद्धतीतही मर्यादा २५५ ची, पण ती बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला हा फरक जन्मात कळणार नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षर जोडणारा हलन्त वेगळा. 'बेळगाव' हे आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, पण ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, म्हणून अठरा बाइट. 'क्षेत्र' दोन अक्षरी दिसतं आणि एकवीस बाइट घेतं. वरचं येळ्ळूरचं नाव मी कागदावर फोडून मोजलं: ८६ चिन्हं, त्यांचे २५८ बाइट, मधल्या मोकळ्या जागा ११, शेवटी टिंबासकट पाच इंग्रजी चिन्हं. २७४. एकोणीस बाइटांनी दाराबाहेर.

साधारण ऐंशी-पंच्याऐंशी चिन्हांपलीकडचं कुठलंही मराठी नाव तिथे टिकणार नाही. कन्नड लिपीलाही चिन्हाला तीनच बाइट. सीमाभागात दोन्ही भाषांना इतकी काटेकोर समान वागणूक मी पहिल्यांदाच पाहिली.

नावं बदलायला एक रविवार गेला. आता वर्ष, गाव, कागदाचा प्रकार आणि माझ्या वहीतला क्रमांक: '२०१३ येळ्ळूर वाटणीपत्र ११७'. बाकीची कहाणी वहीत. 'दुरुस्त अंतिम' वगैरे शब्द नावांतून हद्दपार केले, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच मला कळलं की कोणती प्रत अंतिम होती.

तेवढ्यावर थांबले असते, पण एक खोड म्हणून मागघरातल्या संगणकाला पडदा जोडून तिथूनच काही फाईली उघडून बघितल्या. फोटो उघडले. सासूबाईंच्या ओव्या वाजल्या. मामा दारात उभे होते, काही बोलले नाहीत, ऐकून परत गेले. २००९ ची एक लग्नपत्रिका उघडली आणि 'श्री गजानन प्रसन्न' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा. फाईल शाबूत होती. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टांत अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट असेल तरच ती मराठी दिसतात. पत्रिका मी जपली होती आणि ती वाचायचा चष्मा जपलाच नव्हता. मग जुने फॉन्ट हुडकून तेही प्रतीत घातले, आणि महत्त्वाच्या पत्रिकांची पीडीएफ करून ठेवली. बारशाच्या पत्रिकेतलं लेकीचं नाव आता कुठल्याही यंत्रावर नीट दिसतं.

उरला २०१९ चा धडा. पुढची खोली आणि मागघर यांत अठरा मीटर. पाण्याला ते काय. एक प्रत घराबाहेर पाहिजे होती, आणि घराबाहेर म्हणजे माझं माहेर, खानापूर. तिथे दादाच्या घरी नेट आहे. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेतला, त्याला एक टीबीची डिस्क जोडली.

आमच्या नेटचा चढता वेग चाळीस मेगाबिट, म्हणजे सेकंदाला पाच एमबी. पहिली सबंध प्रत चढवायला एकवीसेक तास. मी ती मागघरातच डिस्कवर उतरवली, टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून खानापूरची बस धरली. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट शून्य रुपयांचं. आधार दाखवलं, कंडक्टरने शून्याचं तिकीट फाडलं. पिरनवाडी, मच्छे, गणेबैल. तासाभरात ३८० जीबी खानापुरात. सेकंदाला शंभर एमबीच्या वर पडलं. एवढं वेगवान आणि फुकट नेट मला कुणी दिलेलं नाही. वर वहिनीने पोहे केले.

दोन्ही घरांना जोडायला टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. आमच्याकडे नेट देणारे एकाच बाहेरच्या पत्त्याआड बरीच घरं बसवतात, त्यामुळे बाहेरून थेट कुणाच्या घरचं दार वाजवता येत नाही. टेलस्केल दोघांना आतून हात पुढे करायला लावून मधल्यामध्ये गाठ घालून देतं. रोजची कॉपी आरसिंक नावाच्या प्रोग्रामकडे. तो १९९६ चा, तोही सांबावाल्या त्याच ट्रिजेल यांनी पॉल मॅकरस यांच्या साथीने केलेला. त्याचं कसब असं की दोन्हीकडची फाईल तुकड्यातुकड्याने ताडून बघतो आणि बदललेला तुकडा तेवढाच पाठवतो. शिवाय कालच्या तारखेचं फोल्डर समोर ठेवून आजचं नवं करतो. न बदललेल्या फाईली दोन्हीकडे दिसतात पण डिस्कवर जागा एकदाच घेतात. त्यामुळे आज मी काही बिघडवलं तरी कालचं कालच्या फोल्डरात राहतं. नुसत्या आरशावर मला आता भरवसा नाही. तो डागही जसाच्या तसा दाखवतो.

आरसिंकनेही एकदा हात दाखवलाच. मूळ फोल्डराच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर तो आतला माल नेतो, नाही दिली तर फोल्डरच उचलून नेतो. मी रेघ विसरले. रात्री साडेअकराला निघालेली फेरी सगळं नव्याने पाठवत सुटली. सकाळी सहाला दादाचा फोन: "काय पाठवालीस गं? इथं मोबाईलवर देव उघडंना." देव म्हणजे पहाटेची आरती, यूट्यूबवरची. तोवर शंभरेक जीबी गेलं होतं.

लोकांचे कागद आहेत म्हणून खानापूरची डिस्क कुलूपबंद ठेवली आहे. चोरीला गेली तरी कुणाला वाचता येणार नाही. त्याची किंमत अशी की लाईट जाऊन आली की इथून मी परवलीचे शब्द दिल्याशिवाय ती उघडत नाही. खानापुरात लाईट जाण्याला निमित्त लागत नाही. वहिनीने त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो मात्र काढायला लावला. बिचारा तापत होता.

परवा येळ्ळूरचे ते काका आले. वाटणीपत्राची प्रत हरवलीय, जुनं काही आहे का. मी मुद्दाम माझ्या संगणकावरची न उघडता खानापूरहून ११७ क्रमांकाची फाईल मागवली. काका खुर्चीत बसून चहा पीत होते, कप खाली ठेवायच्या आत ती आली. छापून दिली. त्यांनी खिशातून चष्मा काढून सगळं वाचलं, बोट एका ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, "वैनी, इथं पूर्वेला म्हटलंय तुम्ही. आमचं बांध पश्चिमेला हाय."

कन्नड कागद काढून बघितला. 'पडुवण', पश्चिम. बारा वर्षं ती चूक माझ्याकडे अगदी सुरक्षित होती. दुरुस्त करून नवी प्रत दिली, पैसे घेतले नाहीत. रात्री साडेअकराच्या फेरीत खानापूरला एकच फाईल गेली, ४१ केबी.